पळसाच्या तेलाचे ठसे

भागीरथा गेली हे शालिकरामला अर्ध्या तासाने कळलं. तोवर बाकी सगळ्या कारखान्याला ते माहीत झालं होतं.

जानेवारी एक्याऐंशीचा पहिला आठवडा होता. हिंगण्याच्या एमआयडीसीतला तो एक लहानसा कारखाना. केसांचं तेल, दंतमंजन, उटणं असा माल तिथे बनायचा. शालिकराम भट्टीवर तेल कढवायचा आणि त्याची बायको भागीरथा मागच्या अंगणात चार बायांसोबत संत्र्याची साल वाळवायची. त्या दिवशी अकराच्या सुमाराला ती नळापाशी बसली, डोकं फार दुखतं म्हणाली आणि तिथेच आडवी झाली. तिच्यासोबत काम करणारी कांताबाई भट्टीवर सांगायलाही न थांबता तिला टेम्पोत घालून मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात घेऊन गेली. दारातच डॉक्टरांनी तपासलं. डोक्यातली शीर फुटली असावी म्हणाले. तिथून कारखान्यात फोन आला.

फोन मारोतरावांनी घेतला. ते शेडचे मुकादम. ते भट्टीच्या दारापर्यंत आले आणि उभे राहिले. समोर शालिकराम कढईवर वाकलेला होता. तेलात काढा घालून कढवायचं म्हणजे शेवटचा अर्धा तास मोठा जोखमीचा असतो. पाणी पूर्ण आटलं पाहिजे आणि तेल जळताही कामा नये. माणूस हलला तर कढई पेट घेते. शालिकराम कापसाची वात तेलात बुडवायचा, पेटवायचा आणि कान देऊन ऐकायचा. वात तडतडली तर पाणी बाकी आहे. त्याने तीन वेळा वात पेटवली. तिसऱ्यांदा ती गुमान जळली. तेव्हा त्याने दोघांना हाक मारून कढई खाली उतरवली, जाळ ओढला, हात पुसले. मग मारोतराव आत आले.

पुढे कितीतरी दिवसांनी मारोतराव त्याला म्हणाले, "कढई जाळावर टाकून तुले कसा पाठवू गा? शेडात पाच माणसं होते."

शालिकराम म्हणाला की मीही तेच केलं असतं. ते खरंच होतं. त्याच्या मनात त्याबद्दल काही नव्हतं.

संध्याकाळी वानाडोंगरीच्या घरी बायांनी भागीरथाला न्हाऊ घातलं. सवाष्ण गेली म्हणून हिरवा चुडा भरला, मळवट भरला. नवऱ्याच्या आधी गेली, भाग्याची होती, असं जो तो म्हणत होता. शालिकराम ओसरीच्या खांबाला टेकून बसला होता. त्याला ते ऐकू येत होतं, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरत नव्हता. फक्त एक वाक्य शिरलं. चुडा भरता भरता कांताबाई दुसऱ्या बाईला हळू म्हणाली, "हात पाह्य वं हिचे. माह्याहून चार वर्षांनं मोठी, अन् हात कसे पोरीचे."

वेणा नदीच्या काठी सगळं उरकलं. काटोलला दिलेली मुलगी शामला तेराव्यापर्यंत राहिली. बाबा, माह्यासंगं चला म्हणाली. तो म्हणाला पाहू, आणि चौदाव्या दिवशी कामावर गेला.

भट्टीवर मन लागत होतं. हाताला सवय होती. पण जेवणाच्या सुट्टीत एकटा बसला की कांताबाईचं ते वाक्य परत यायचं. हात पोरीचे. त्याने मनाशी आठवून पाहिलं, तर भागीरथाचे हात कसे होते ते त्याला सांगता येईना. नऊ वर्षं दर वर्षी त्या हातांचे ठसे घेतले, रेषा मोजल्या गेल्या, आकडे त्याला पाठ होते. पण हात कसे होते ते आठवत नव्हतं.

ही ठशांची गोष्ट सत्तर सालची.

तेव्हा कारखान्यात मनोहरराव नावाचे केमिस्ट होते. बी.एस्सी. झालेले, तरुण, जरा हट्टी. त्यांचं टेबल खिडकीशी होतं आणि खिडकीतून वाळवणाचं अंगण दिसायचं. सकाळी आठपासून पाचपर्यंत बाया उन्हात साल पसरायच्या, उलटवायच्या, गोळा करायच्या. तिशी-पस्तिशीच्या बाया, पण चेहरे आणि हात साठीचे. एकदा मनोहररावांनी शालिकरामला बोलावून दाखवलं. म्हणाले, पदराखाली झाकलेला दंड पाहा आणि उघडा पंजा पाहा. एकाच बाईचा आहे, पण वीस वर्षांचं अंतर दिसतं. हे वयानं झालेलं नाही, उन्हानं झालेलं आहे. यावर झाडपाल्याचं काही मिळालं तर?

शालिकरामने घरी ही गोष्ट सांगितली. भागीरथा भाकऱ्या थापत होती. ती म्हणाली की आमच्याकडे, म्हणजे काटोलकडे, शिमग्यापासून लेकरांना पळसाच्या फुलांच्या पाण्यानं आंघोळ घालतात, मग ऊन बाधत नाही. "तुमच्या साहेबाले सांगा," ती म्हणाली, "फुकटात भेटते. झाडाखाली सडा पडते."

त्याने सांगितलं. मनोहररावांनी आणखी पाच-सहा वनस्पती काढल्या होत्या, पण पळसाची फुलं आणि संत्र्याची साल यांचं तेल त्यांना बरं वाटलं. शालिकरामने दोन्हीचा काढा केला आणि तिळाच्या तेलात कढवला. तेल पिवळसर तांबूस झालं. मालक मधुकररावांनी बोटावर घेऊन वास घेतला. तेल बरं आहे म्हणाले, पण उन्हात राहूनही कातडी म्हातारी होत नाही असं लेबलवर छापायचं असेल तर आधी मला दाखवा. ऐकीव गोष्टीवर मी छापणार नाही.

दाखवायचं कसं, तर मनोहररावांनी पद्धत काढली. अंगणातल्या सहा बायांना दोन-दोन शिशा दिल्या. लाल दोऱ्याच्या शिशीत पळसाचं तेल, ते डाव्या हाताला लावायचं. पांढऱ्या दोऱ्याच्या शिशीत साधं तीळतेल, ते उजव्या हाताला. उजव्या हातानं जेवायचं असतं, म्हणून नवं तेल डाव्याला. रोज सकाळी कामावर निघण्याआधी लावायचं. ऊन तेच, काम तेच, बाई तीच. फरक पडला तर तेलानंच पडला म्हणायचा.

आणि दर वर्षी होळीनंतर ठसा घ्यायचा. पंजाच्या मागच्या बाजूला शिक्क्याची शाई अगदी पातळ लावायची आणि कागद दाबायचा. कातडीवरच्या बारीक सुरकुत्या कागदावर पांढऱ्या रेषा होऊन उमटतात. त्यावर शिशीच्या बुचाएवढं गोल आखायचं आणि गोलातल्या रेषा भिंग लावून मोजायच्या. ठसा शालिकरामने घ्यायचा, मोजायचं मात्र मनोहररावांनी. ते त्याला मोजू देत नसत.

सहा बायांपैकी पाच जणी वर्षाच्या आत गळाल्या. कुणाच्या पोलक्याला पिवळे डाग पडले, कुणी काम सोडलं. कांताबाईनं तीन महिन्यांत शिशा परत आणून दिल्या. तिला वास आवडला नाही. राहिली एकटी भागीरथा. शालिकरामची बायको म्हणून तिला सोडताही येत नव्हतं, आणि तिला सोडायचंही नव्हतं. पळस तिचा होता.

पहिला ठसा सत्तरच्या होळीनंतर, तेल लावायला सुरुवात करायच्या दिवशी. डावा एकोणचाळीस रेषा, उजवा एकोणचाळीस. दुसऱ्या वर्षी डावा चाळीस, उजवा एकोणचाळीस. मग चाळीस आणि चाळीस. असं नऊ ठसे. अठ्ठ्याहत्तर साली डावा शेहेचाळीस, उजवा शेहेचाळीस.

त्या वर्षी मनोहररावांनी सगळे कागद टेबलावर ओळीनं मांडले आणि शालिकरामला म्हणाले, काही फरक नाही. पळसाचं तेल आणि साधं तेल सारखंच. आणखी वाट पाहण्यात अर्थ नाही. मधुकररावांना त्यांनी तसं लिहून दिलं. पुढच्या वर्षी ते नोकरी सोडून गेले आणि इतवारीत त्यांनी साबण-अत्तरवाल्यांना लागणाऱ्या द्रव्यांचं दुकान टाकलं. जाताना कागद शालिकरामला देऊन गेले, तुझ्या बायकोचे आहेत म्हणून.

ज्या दिवशी ठशांचं काम बंद झालं त्या संध्याकाळी शालिकराम घरी आला. भागीरथा डाळ निवडत होती. तो म्हणाला, "तुह्या पळसात काही नाही वं. नऊ वर्षं फुकट गेले."

तिनं सुपातून डोकं वर केलं. आपले दोन्ही हात पालथे करून पाहिले. म्हणाली, "हात तं बरे हायेत."

"बरे-वाईट नाही पाह्यचं होतं. फरक पाह्यचा होता. तो नाही निघाला."

"मंग राहू द्या," ती म्हणाली आणि पुन्हा डाळ निवडायला लागली.

ते बोलणं तिथेच संपलं. पुढे अडीच वर्षांत त्यावर दोघं एकदाही बोलले नाहीत.

भागीरथाला जाऊन महिना झाला तेव्हा शालिकराम जेवणाच्या सुट्टीत अंगणात गेला. बाया सालीच्या ढिगाआड बसून जेवत होत्या. त्याला पाहून त्या गप्प झाल्या. त्याने कांताबाईला बाजूला बोलावलं आणि विचारलं की त्या दिवशी तू हातांबद्दल काय म्हणाली होतीस.

कांताबाई आधी घाबरली. वाईट नाही म्हटलं भाऊजी, म्हणाली. मग तो रागावलेला नाही असं पाहून तिनं आपला पंजा पुढे केला. काळपट, खडबडीत, बोटांच्या सांध्यांवर भेगा. तिचे हात असे नव्हते, म्हणाली. शेवटपर्यंत नव्हते.

"कोणता?" शालिकरामने विचारलं. "डावा का उजवा?"

"दोन्ही जी."

"डाव्याले पळसाचं लावे ती. उजव्याले साधं."

 "तुमाले मालूम नाही काय?" कांताबाई म्हणाली. "दोन्ही शिशा एकात ओते ती. मंग दोन्ही हाताले सारखं लावे."

 शालिकराम तिथेच सालीच्या पोत्यावर बसला. कांताबाईनं मग सगळं सांगितलं.

पहिल्याच पावसाळ्यात शालिकरामच्या पायावर उकळतं तेल सांडलं होतं. दीड महिना तो घरात पडून होता, ताप चढला होता, पाय जातो की काय असं झालं होतं. तेव्हा त्याची आई रुखमाबाई जिवंत होती. तिनं सुनेला रोज सकाळी एका हाताला एक आणि दुसऱ्या हाताला दुसरं तेल लावताना पाहिलं होतं. ती म्हणाली, सवाष्णीचे दोन्ही हात सारखे पाहिजेत. बांगड्या दोन्ही हातांत सारख्या, हळद दोन्ही हातांना सारखी. एक हात सजवायचा आणि एक तसाच ठेवायचा हे नवऱ्याच्या जिवावर येतं. भागीरथानं त्या दिवशी दोन्ही शिशा पितळेच्या गडूत ओतल्या. पाय बरा झाला. मग तिनं ते कधीच बदललं नाही.

"मले सांगितलं काहून नाही?" शालिकराम म्हणाला.

"भेली असन. तुमी साहेबाचे माणूस. साहेब तुमच्यावर बिघडले असते."

"नऊ वर्षं? नऊ वर्षं ठसे देऊन राहिली, अन् एक शब्द नाही?"

"ती म्हणे, दोन्ही हात बरे राहिले म्हणजे तेल बरंच हाय. साहेबाले डोळे नाही काय?" कांताबाई म्हणाली. "तिले ते खोटं वाटतच नव्हतं जी."

शालिकरामला राग आला. बायको जाऊन एक महिना झाला होता आणि तो तिच्यावर रागावला होता, आणि राग कुठे काढावा ते कळत नव्हतं. तो म्हणाला की तिनं सगळं काम मातीत घातलं. साहेबांचं, माझं आणि तिचं स्वतःचं. तिच्याच पळसाचं नाव तिनं घालवलं.

 कांताबाई डबा बंद करता करता म्हणाली, "तिनं तुमच्यासाठी केलं भाऊजी. तुमी जिते हाय ना?"

 सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि तो भट्टीवर गेला.

त्या रात्री तो नीट झोपला. राग निघून गेला होता. सकाळी उठला तेव्हा त्याच्या मनात एकच गोष्ट उरली होती. आपण तिला म्हणालो, तुझ्या पळसात काही नाही. ते खरं होतं की खोटं? साहेबांनी जे कागदावर पाहिलं ते तसं होतं कारण दोन्ही हातांना एकच तेल होतं. मग पळसात काही नाही हे कशावरून? तिला आता ते सांगता येणार होतं असं नाही. पण ती गेली ते हे ऐकून गेली, आणि ते खरं की खोटं एवढं तरी आपल्याला कळलं पाहिजे असं त्याला वाटलं.

रविवारी त्याने पत्र्याच्या पेटीतून कागद काढले. त्यात कांताबाईचाही एक कागद होता, सत्तरच्या होळीचा. डावा चाळीस, उजवा एक्केचाळीस. भागीरथा आणि ती सारख्याच निघाल्या होत्या. त्याने दुसऱ्या दिवशी शिक्क्याची शाई नेली आणि कांताबाईला ठसा मागितला. आता काय करता याचं, असं ती म्हणाली, पण हात दिला. शेजारच्या बाईनं चिमटा काढला, "कांते, अंगठा देऊन राहिली का वावर इकून?" सगळ्या हसल्या. महिन्याभरात त्या अंगणात शालिकरामसमोर कुणी हसलं नव्हतं.

घरी त्याने गोल आखलं, भिंग घेतलं आणि मोजलं. डावा अडुसष्ट, उजवा सत्तर. त्याने पुन्हा मोजलं. तेवढेच.

एकीच्या रेषा आठ वर्षांत सात वाढल्या. दुसरीच्या अकरा वर्षांत अठ्ठावीस-एकोणतीस. शालिकरामने कागद वर्तमानपत्रात गुंडाळले, एक दिवसाची रजा टाकली आणि बसनं इतवारीला गेला.

मनोहररावांचं दुकान भांड्यांच्या गल्लीच्या टोकाशी होतं. हातगाड्यांमधून वाट काढत तो पोचला तेव्हा ते बरणीतून काही मापून देत होते. भागीरथाचं त्यांना माहीत नव्हतं. ऐकून ते उठून बाहेर आले, त्याला आत बसवलं, चहा मागवला. मग शालिकरामने सगळं सांगितलं. गडू, रुखमाबाई, दोन्ही हात सारखे.

 मनोहरराव रागावतील असं शालिकरामला वाटलं होतं. पण ते म्हणाले, "चूक माझी आहे. सवाष्ण बाईला एका हाताचं सांगितलं आणि पुढे नऊ वर्षं घरी जाऊन पाहिलंही नाही. कागदच पाहत राहिलो."

शालिकरामने कागद उलगडले. कांताबाईचे आकडे सांगितले.

"मोजलं कुणी?"

"मीच."

"मग हे बाजूला ठेव. ज्याला उत्तर पाहिजे असतं त्यानं मोजू नये. तुला मी कधी मोजू दिलं नाही, ते का, असं वाटलं तुला?"

शालिकराम म्हणाला, दोनदा मोजलं साहेब.

"दहादा मोज." मनोहररावांनी स्वतः भिंग घेतलं आणि मोजलं. त्यांचे चौसष्ट आणि सदुसष्ट आले. तरी मोठा फरक होता. शालिकराम त्यांच्या तोंडाकडे पाहत होता. मनोहररावांनी भिंग खाली ठेवलं आणि मान हलवली. म्हणाले, हे ऐकून बरं वाटतं, पण यावरून काही ठरत नाही. कांताबाई तंबाखू खाते. तिला पाच लेकरं, तुम्हाला एक. तिच्या मायची कातडी कशी होती कुणाला माहीत. शिवाय भागीरथाच्या हातावर अर्धं साधं तेल होतं. साध्या तेलानंही काही होत असेल. एका बाईवरून दुसरीचं सांगता येत नाही. तिच्याच अंगावर एक हात कोरा पाहिजे होता. तो नाही.

"मंग पळसात काही नाही असं तुमी लिहून दिलं, ते?"

"तेही चूक. आहे असं म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही." मग म्हणाले, मधुकररावांना पत्र लिहून मी ते कळवतो.

त्यांनी खरंच लिहिलं. मधुकररावांनी पत्र वाचलं आणि शालिकरामला बोलावून सांगितलं की असं असेल तर पुन्हा करून पाहा, तेलाला माझी ना नाही. पण हात कुणाचा?

शालिकरामने कांताबाईला विचारलं. ती चटकन नाही म्हणाली. भागीरथानं ज्याच्यासाठी नाही केलं ते मी काहून करू, मलेही नवरा हाय. बाकीच्या तिघींनीही तेच सांगितलं. कारखान्यातल्याच एका विधवा बाईला विचारावं असं मारोतराव म्हणाले. शालिकराम तिच्याकडे गेलाही. तुझा आता नवरा नाही तेव्हा एक हात चालेल, हे कसं म्हणायचं? तो नळाचं काही तरी विचारून परत आला.

फाल्गुनात पळस फुलला. सुट्टीच्या दिवशी तो काटोलला शामलाकडे गेला आणि दोघांनी मिळून दोन पोती फुलं वेचली. फुलं वेचताना शामलानं विचारलं, बाबा, हे लावणार कोण? तो म्हणाला, मी.

ते त्याला तोवर सुचलं नव्हतं. बोलून गेल्यावर मात्र दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं असं दिसलं.

अडचण एकच होती. तो दिवसभर शेडात असायचा. त्याने मधुकररावांना सांगितलं की मला अंगणात घाला. मालक हसले. तिथे बाया असतात, तू तिथे काय करशील? आणि भट्टी कोण पाहील? शेवटी ठरलं की पहाटे सहा ते दहा भट्टी, दहानंतर अंगण. भट्टीची धग दोन्ही हातांना सारखीच लागेल, तेवढं चालेल, असं मनोहररावांनी कळवलं.

पहिल्या दिवशी तो फावडं घेऊन अंगणात आला तेव्हा बायांनी एकमेकींकडे पाहिलं. कांताबाईनं त्याला साल कशी उलटवायची ते दाखवलं. त्याला वाटायचं ते सोपं काम आहे. दुपारी दोनला त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्याला सावलीत बसवावं लागलं.

"भागीरथा अकरा वर्षं उभी राह्यली इथं," कांताबाई म्हणाली. "टोपी घालत जा जी."

संध्याकाळी ती त्याचा डावा हात पाहून म्हणाली, "तुमचं बरं हाय भाऊजी. बाप्याच्या हाताले कोणी काही म्हणत नाही."

तो रोज सकाळी उठतो, डाव्या पंजाला पळसाचं तेल लावतो, उजव्याला काही लावत नाही. साधं तेलही नाही, तसं मनोहररावांनीच सांगितलं. होळीनंतर दोन कागदांवर ठसे घेतो, कागदांवर नुसते एक-दोन असे क्रमांक टाकतो आणि कोणता डावा, कोणता उजवा ते आपल्या वहीत लिहून ठेवतो. कागद टपालानं इतवारीला जातात. मनोहरराव मोजून पोस्टकार्डावर रेषा कळवतात. एक्याऐंशीला दोन्ही कागदांवर पन्नास-पन्नास आले. ब्याऐंशीला एक्कावन्न आणि एक्कावन्न. यंदा डावा एक्कावन्न, उजवा त्रेपन्न. पोस्टकार्डावर खाली त्यांनी लिहिलं आहे की दोन रेषांचा फरक मोजणाऱ्याच्या डोळ्यातही असू शकतो, तेव्हा कुणाला काही सांगू नये.

त्याने कुणाला सांगितलेलं नाही. शामलालाही नाही.

शालिकराम आता चोपन्न वर्षांचा आहे. भागीरथाचे ठसे नऊ होते, म्हणून त्याचेही नऊ व्हायला हवेत. तीन झाले. सहा घ्यायचे राहिले आहेत, आणि पळसाच्या तेलात काही आहे की नाही ते अजून ठरलेलं नाही.